इंदूर स्टेशन: इमारत नवी होतेय, पण दक्षिणेचं दार कधी उघडणार?

रामबागकर

गेल्या महिन्यात आईला पुण्याच्या गाडीत बसवायला स्टेशनवर गेलो होतो. रिक्षावाल्याला नुसतं "स्टेशन" म्हणालो, कुठली बाजू ते सांगायचं राहिलं आणि त्यानं नेमकं उलट्या बाजूला सोडलं. चूक माझीच. मग दोन बॅगा, लोणच्याची बरणी आणि दोन किलो शेव (पुण्यातल्या बहिणीला तिथली शेव चालत नाही) असं सगळं घेऊन पादचारी पूल चढलो. मधोमध आई थांबली. मला वाटलं दम लागला. तर खाली बघत म्हणाली, "अरे, छोटी लाईन कुठाय?"

तिचं माहेर अकोल्याचं. लग्न होऊन इंदुरात आली ती छोट्या लाईनवरून आणि बाळंतपणाला गेली तीही तिच्यावरूनच. तिच्या लेखी इंदूर स्टेशन म्हणजे छोटी लाईन, मोठी लाईन नंतर आलेली पाहुणी. आता पुलावरून बघा, सगळेच रूळ मोठे.

गाडी सुटली आणि डोक्यात किडा वळवळला. पुणे दक्षिणेला, पण गाडी निघते देवासकडे. मग उज्जैन, रतलाम, बडोदा, सुरत, वसई अशी पश्चिमेची प्रदक्षिणा घालून पुण्यात. घरातल्या मागच्या दारानं जायचं तर आपण पुढच्या दारानं निघून सगळ्या वाड्याला वळसा घालतोय.

गंमत म्हणजे इंदूरला रेल्वे आली ती दक्षिणेकडूनच. १८७० मध्ये मुंबईहून जबलपूरमार्गे कलकत्त्यापर्यंत सलग रूळ झाले. त्या रस्त्यावर इंदूरला जवळचं म्हणजे खांडवा. मधे नर्मदा आणि विंध्याचा घाट. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज देऊ केलं, साडेचार टक्के व्याजानं, मुदत १०१ वर्षं. वर रुळांसाठी संस्थानातली जमीन फुकट. म्हणून नाव पडलं होळकर स्टेट रेल्वे. खांडवा ते सनावद गाडी १ डिसेंबर १८७४ ला सुरू झाली, नर्मदेवरचा पूल ५ ऑक्टोबर १८७६ ला खुला झाला आणि घाट चढून रूळ इंदुरात पोचायला १८७८ उजाडलं.

म्हणजे ज्या वाटेसाठी संस्थानानं कोटभर रुपये मोजले, नेमकी तीच आज बंद. महू ते ओंकारेश्वर रोड ही मीटरगेज, म्हणजे आईची छोटी लाईन, २०२३ च्या सुरुवातीला गेज (दोन रुळांमधलं अंतर) बदलण्यासाठी बंद झाली. मोठी लाईन पुरी होईपर्यंत इंदूरहून खांडव्याला रुळांवरून सरळ जाता येत नाही.

आणि आपण सगळे चर्चा कशाची करतोय? नव्या इमारतीला मजले किती आणि सरकते जिने किती! उज्जैनच्या सिंहस्थाच्या (२०२८) आधी स्टेशन चकाचक व्हावं याला माझा विरोध नाही. पण पुनर्विकास म्हणजे नुसती इमारत का? तुम्हाला काय वाटतं लिहा. जुन्या स्टेशनच्या आठवणीही येऊ द्या, आईला वाचून दाखवीन.

सियागंजवाला

भिया, तुमचं दुःख कळतं, पण इमारतीला नावं ठेवू नका. माझं दुकान स्टेशनच्या हाकेच्या अंतरावर आहे, तीस वर्षं बघतोय. सकाळी गाडी आली की रस्त्यावर रिक्षा, हातगाड्या, हमाल आणि पोहे खाणारे सगळे एकाच वेळी. पोहे-जिलेबीचा ठेला कुठे संपतो आणि स्टेशन कुठे सुरू होतं ते परक्या माणसाला कळत नाही. दोन्ही बाजूंनी सारखं दार, वरून एका बाजूनं दुसऱ्या बाजूला जायला मोठा रुंद मजला, खाली येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वेगळ्या वाटा, एवढं झालं तरी गंगेत घोडं न्हालं. तुमची आई पूल चढून दमली ना? मग तिला मजल्यांशी देणंघेणं नाही कसं?

रामबागकर

मान्य. चपराक बसली.

मीटरगेज

माझ्या आवडीचा विषय, त्यामुळे लांबण लागणार, आधीच माफी.

आधी कर्जाबद्दल. तुकोजीरावांनी दान केलं असं बरेच जण लिहितात, ते खरं नाही. साडेचार टक्क्यांनी कोटीवर वर्षाला साडेचार लाख व्याज होतं, त्या काळी ही रक्कम थोडी नव्हती. माणूस व्यवहाराला पक्का. त्याच सुमारास इंदूरहून नीमचकडे जाणाऱ्या रेल्वेसाठी ग्वाल्हेरच्या जयाजीराव शिंद्यांनी ७५ लाख दिले, चार टक्क्यांनी. म्हणजे शिंदे-होळकरांची चढाओढ व्याजाच्या दरातसुद्धा होती म्हणायची! १८७० मध्ये १०१ मिळवले की येतं १९७१. संस्थान १९४८ मध्येच मध्य भारतात विलीन झालं आणि ज्या वर्षी कर्जाची मुदत संपायची त्याच वर्षी संस्थानिकांचे तनखेही रद्द झाले.

आता मीटरगेज का? खांडव्याची मुख्य लाईन मोठी, पाच फूट सहा इंची. इंदूरची एक मीटरची. त्या दशकात सरकारनं पैसे वाचवायला नव्या लाईनी लहान गेजच्या करायचं ठरवलं. लहान गेजला वळणं तीव्र घेता येतात, बोगदे अरुंद चालतात, पूल हलके चालतात. विंध्य चढायचा तर हे सोयीचंच होतं. पण त्याची किंमत खांडव्याला मोजावी लागली. तिथे माळव्याचा कापूस, अफू, धान्य, जे काही असेल ते एका गाडीतून उतरवून दुसरीत भरायचं. माणसांचंही तेच. आमचे आजोबा म्हणत, खांडव्याच्या हमालांची घरं आपल्या ट्रंकांवर उभी आहेत.

१८८१-८२ मध्ये होळकर स्टेट आणि शिंद्यांची नीमच लाईन दोन्ही राजपुताना-माळवा रेल्वेत गेल्या. पुढे १८८५ पासून ती बीबीसीआय (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे) कंपनीकडे चालवायला आली. १९५१ मध्ये पश्चिम रेल्वे झाली तेव्हा आपण तिच्यात, आणि म्हणून आजही आपण रतलाम मंडळात आहोत. आपल्या गाड्या पश्चिमेकडून फिरून का जातात याचं निम्मं उत्तर या पाच ओळींत आहे बघा. स्वातंत्र्यानंतर खांडव्याच्या खाली अकोला, हिंगोलीकडे जोड मिळाली आणि उत्तरेतली मीटरगेज दक्षिणेतल्या मीटरगेजला भिडली. जयपूरहून इंदूरमार्गे हैदराबादकडे जाणारी मीनाक्षी एक्सप्रेस आठवते का कुणाला?

लोकमान्यनगरची_आजी

मीनाक्षी मला विचारता! आमच्या घरामागूनच जायची.

नव्यांसाठी सांगते, आमच्या वसाहतीचं स्वतःचं हॉल्ट स्टेशन आहे, लोकमान्य नगर. पाटीवर टिळकांचं नाव बघून पाहुणे गोंधळतात की आपण पुण्यातच तर नाही ना उतरलो. महूकडे जाणारी छोटी गाडी आली की आमची घड्याळं लावून व्हायची. कुकरच्या शिट्ट्या मोजताना गाडीची शिट्टी मधेच आली की डाळ कच्ची राहायची, हे माझ्या सासूबाईंचं ठरलेलं निमित्त.

सगळ्यात मजा घाटाची. अकोल्याहून येताना खांडवा सोडलं, नर्मदा आली की डब्यातले सगळे खिडकीशी. पुलावरून नाणी टाकायची आणि "नर्मदे हर" म्हणायचं. मग काळाकुंड. तिथे गाडी बराच वेळ थांबे, कारण मागे दुसरं इंजिन लावायचं असे. तेवढ्या वेळात पळसाच्या पानात बांधलेला कलाकंद यायचा. पानाला दुधाचा ओलावा सुटलेला असे, आणि खालचा थर थोडा लालसर, खरपूस. डब्यातल्या कुठल्याही मुलाच्या हातात ते पान गेलं की बोटं चाटण्याशिवाय आवाज नाही. गाव काळाकुंड आणि मिठाई कलाकंद, यात आधी कोण याच्यावर आमच्या घरी दोन पिढ्या वाद झाले.

रामबागकर, आईंना माझा नमस्कार सांगा. अकोल्याच्या कोणत्या भागातल्या?

रामबागकर

आजी, आई म्हणते जठारपेठ. आणि विचारते, धूळघाटचा वेढा तुम्हाला आठवतो का.

लोकमान्यनगरची_आजी

न आठवायला काय झालं! अकोट सोडलं की जंगल, आणि मग गाडी आपल्याच रुळांच्या वरून जायची. "चारचा आकडा" म्हणायचे. मुलं म्हणत, आपलं शेपूट दिसलं!

मीटरगेज

आजींनी बरोबर सांगितलं. धूळघाटला रूळ गोल फिरून स्वतःलाच वरून ओलांडत, कमी जागेत उंची गाठायची युक्ती. अकोट ते आमला खुर्द हा भाग जानेवारी २०१७ पासून बंद आहे. तिथली गोष्ट घाटापेक्षा जंगलानं अडवली. जुनी लाईन मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या पोटातून जायची, म्हणून मोठी लाईन आता प्रकल्पाच्या बाहेरून वळवायची ठरली. वाघांच्या दृष्टीनं योग्यच झालं. माझ्यासारख्या रूळवेड्याला हळहळ वाटते, पण वाघापुढे माझी हळहळ काय.

इकडे विंध्याच्या घाटात पाताळपाणी-काळाकुंडचा चढ ४० ला १. म्हणजे ४० मीटर पुढे गेलात की एक मीटर वर. रेल्वेच्या हिशेबात हा चढ भयंकर. म्हणून काळाकुंडला मागून रेटायला इंजिन. उतरताना उलटं, पाताळपाणीला थांबून ब्रेक तपासल्याशिवाय गाडी पुढे सोडत नसत.

निमाडी_पाखरू

ब्रेक तपासायला थांबते हे तुमचं पुस्तकी कारण. आमच्याकडे गाडी थांबते ती टंट्या मामासाठी, इंग्रजांशी लढलेल्या आमच्या भिल्ल नायकासाठी. तिथेच त्यांचं देऊळ आहे, रुळाच्या कडेला. इंग्रजांनी ४ डिसेंबर १८८९ ला जबलपूरला फाशी दिलं आणि पाताळपाणीला आणून टाकलं, असं आमच्या गावात अजून सांगतात. मामाला सलाम केल्याशिवाय गाडी पुढे काढली तर ब्रेक लागत नाहीत, असं जुने ड्रायव्हरसुद्धा म्हणायचे.

मीटरगेज

दोन्ही कारणं एकाच थांब्यात बसतात, त्यामुळे भांडण नको. :-)

घाटाचा तो तुकडा बचावलाय ही आनंदाची गोष्ट. डिसेंबर २०१८ पासून पाताळपाणी-काळाकुंड हेरिटेज गाडी चालते, पावसाळ्यात तिकिटं मिळत नाहीत इतकी गर्दी. नवी मोठी लाईन हा घाट टाळून लांबून, सौम्य चढानं जाणार, त्यामुळे जुने बोगदे आणि पूल तसेच राहतील.

कोथरूडातला_इंदुरी

मी इंदूर सोडून बावीस वर्षं झाली, पण वर्षातून चार फेऱ्या होतातच. स्पष्ट लिहितो, राग मानू नका. इंदूर स्टेशनची खरी अडचण इमारतीत नाही आणि आठवणींतही नाही, ती यार्डात आहे.

एका बाजूला शास्त्री ब्रिज, दुसरीकडे पटेल ब्रिज. दोन पुलांच्या चिमट्यात स्टेशन अडकलंय. लांब वाढवता येत नाही, रुंदीला दोन्हीकडे बाजार. त्यात हे शेवटचं स्टेशन असल्यासारखं वापरलं जातं. लांबून आलेली गाडी इथेच रिकामी होते, धुतली जाते, पाणी भरून परत सुटते. जी गाडी पाच मिनिटं थांबून पुढे जाते ती फलाट पाच मिनिटं अडवते, जी इथेच संपते ती तासभर. मग मागच्या गाड्या आउटरला उभ्या. म्हणूनच लक्ष्मीबाई नगरसारख्या शेजारच्या स्टेशनांवर भार वाटायचं चाललंय, आणि ते बरोबर आहे.

आता विचार करा, दक्षिणेचा रस्ता उघडला तर? इंदूर शेवटचं राहणार नाही, मधलं होईल. दिल्ली-जयपूरकडून आलेली गाडी इंदुरात थांबून महूवरून खाली खांडव्याला, पुढे महाराष्ट्रात. फलाट आपोआप मोकळे होतील. सात मजले बांधून जे होणार नाही ते रुळांची एक जोडी करून देईल. रामबागकर, तुमचं "दार" मला कवितेसारखं वाटलं होतं, पण हिशेब केला तर ते खरंच निघालं.

सियागंजवाला

कोथरूडवाले, बावीस वर्षांत आमच्याकडं काय काय झालं ते ऐकून घ्या. रतलामची लाईन मोठी झाली, महूपर्यंत मोठी झाली. फतेहाबाद-उज्जैनची जुनी लाईन मोठी होऊन १५ नोव्हेंबर २०२१ ला परत सुरू झाली, त्याच दिवशी भोपाळच्या राणी कमलापती स्टेशनचं उद्घाटन झालं. वंदे भारत आली, आधी भोपाळपर्यंत, मग नागपूरपर्यंत. आता मेट्रोही धावू लागली, पुढे तिचा जमिनीखालचा टप्पा स्टेशनकडं यायचाय. म्हणजे हात बांधून बसलेलो नाही आम्ही.

कोथरूडातला_इंदुरी

नाही हो, तसं म्हणालोच नाही. पण नागपूरची वंदे भारतसुद्धा आधी भोपाळला जाते, मग इटारसीवरून खाली! तेच तर म्हणतोय.

बडोद्याची_सून

मधेच तोंड घालते. माहेर इंदूर (स्नेहनगर), सासर बडोदं. आमच्याकडे स्टेशनला लागून बुलेट ट्रेनचं स्टेशन उभं राहतंय आणि सासरचे लोक त्याबद्दल बोलताना कॉलर ताठ करतात. मी त्यांना सांगते, तुमच्या गायकवाडांनी डभोईला १८६२ मध्ये रेल्वे केली खरी, पण ती ओढायला बैल होते! आमच्या होळकरांनी सरळ नर्मदा ओलांडली. :P

गंभीरपणे एक सांगायचं होतं. इंदूरच्या नव्या इमारतीत छोट्या लाईनची एक तरी खूण ठेवा म्हणावं. रुळाचा तुकडा, एखादा सिग्नल, मीटरगेजचं इंजिन. बडोद्यात प्रतापनगरला छोट्या गाड्यांचं सामान जपून ठेवलंय, मुलं बघायला जातात.

पोहेजिलबी

खुणेपेक्षा जुनं नाव तरी नीट सांभाळा. स्टेशनसमोरच्या सरवटे बस स्टँडचं नाव ज्यांच्यावरून पडलं ते वि. सी. सरवटे, म्हणजे आपले तात्यासाहेब, संविधान सभेत होते. स्टँडवर रोज हजारो लोक "सरवटे, सरवटे" ओरडतात, पण कोण सरवटे म्हणून विचारा. माझ्या मुलाला वाटायचं सरवटे म्हणजे "सर्वत्र बस जाते" याचं काहीतरी लघुरूप असेल.

रामबागकर

पोहेजिलबी, हसून हसून पुरेवाट!

मूळ मुद्द्यावर येतो. मनमाडबद्दल कुणीच कसं बोललं नाही? इंदूर-मनमाड नव्या लाईनला केंद्रीय मंत्रिमंडळानं सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. ३०९ किलोमीटर, १८,०३६ कोटी रुपये, ३० नवी स्टेशनं. धार, खरगोन, बडवानी, मग धुळे, नाशिक जिल्हा. आग्रा रस्त्यानं सेंधवा, बिजासन घाट उतरून धुळ्याला बसनं जाताना जी गावं लागतात, त्यांतल्या बऱ्याच जणांनी रूळ पाहिलेलेच नाहीत.

मनमाडला पोचलं की मुंबईची मुख्य लाईन हाती, आणि खाली दौंडकडची लाईन धरली की पुणं. आई वसईला न जाता पुण्याला जाईल!

कोथरूडातला_इंदुरी

त्याबद्दल मी मुद्दाम गप्प होतो. इंदूर-दाहोदचं भूमिपूजन फेब्रुवारी २००८ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंगांच्या हस्ते झालं, तेव्हा मी पेढे वाटले होते. तेव्हाची माझी मुलगी आता इंजिनिअर झाली. मनमाडचे पेढे गाडी सुटल्यावरच.

निमाडी_पाखरू

पेढे तुम्ही वाटा नाहीतर नका वाटू, आमच्या बडवानी-सेंधव्याकडे जमिनीच्या मोजणीची भाषा सुरू झाली की माणसं आपापल्या शेताच्या बांधावर जाऊन उभी राहतात. कुणाला रेल्वे हवी आहे, कुणाला विहीर वाचवायची आहे, आणि बऱ्याच जणांना दोन्ही. हे इंदुरात बसून कळत नाही. स्टेशन जवळ आलं तर केळी, मिरची, कापूस मुंबईला जाईल, हेही खरं.

सियागंजवाला

हे लिहिलंत ते बरं झालं. मला फक्त माझ्या दुकानासमोरचा रस्ता दिसत होता.

लोकमान्यनगरची_आजी

तुमचं मनमाड होईल तेव्हा होईल. मला एवढंच सांगा, हेरिटेज गाडीनं काळाकुंडला गेलं तर कलाकंद अजून पळसाच्या पानातच देतात का? नातू म्हणतो आता प्लास्टिकच्या डबीत येतो. तसं असेल तर मी येणार नाही.

मीटरगेज

आजी, मी गेल्या पावसाळ्यात गेलो होतो. एका बाईंकडे पानातलाच मिळाला, बाकीच्यांकडे डबी होती. गाडीतून उतरलात की फलाटाच्या शेवटाकडे चालत जा, हिरव्या लुगड्यातल्या, टोपली घेऊन बसलेल्या. गाडी परत सुटेपर्यंत वेळ भरपूर असतो, घाई करू नका.

रामबागकर

आई म्हणते, मीटरगेज यांना सांग, दोन पानं जास्त घ्यायला लावा. ती पुण्याहून दिवाळीला येतेय. आजी, तुम्हीही चला, जागा मी धरतो.